तारणाचा राजवाडा

मार्केट यार्डाच्या मागं, हिरण्यकेशीकडं उतरणाऱ्या माळावर
जत्रेच्या आठ दिवस आधी कंपनी उतरली.
एक लॉरी पत्रे, एक लॉरी बाकडी,
तिसरीत माणसं उभी, आणि मांडीवर पेटी घेऊन
एकटा पेटीवाला बसलेला.

रिक्षावरचा भोंगा आधी मराठीत ओरडला, मग कन्नडात,
मग दोन्हींत एकदम,
कारण ओरडणारा आमच्याच गल्लीतला, शंभू कोष्ट्याचा थोरला,
घरातही तो असंच बोलतो.

आईची खानावळ तंबूच्या पाठीला पाठ लावून.
बावीस माणसं, दोन वेळ, जोंधळ्याची भाकरी,
झुणका, खर्डा, अमावास्येला शेंगाची पोळी.
पैशांचं विचारलं की मॅनेजर बसलिंगप्पा
खिशावर हात ठेवून हसायचा: नाळे, आक्का. नाळे.
उद्याला त्यांच्यात असा मऊ शब्द आहे.
आईनं तो वहीत देवनागरीत उतरवला,
तारखेसमोर, रक्कम लिहायची त्या जागी.
सव्वीस ओळी. नाळे नाळे नाळे.

नाटक तिनं एकही बघितलं नाही.
पहिल्या घंटेला पीठ मळायचं,
सून सासूला उलटून बोलली की तवा टाकायचा,
चंपव्वा रडायला लागली म्हणजे अजून पाऊण तास,
आमटीला फोडणी द्यायला हरकत नाही.
पत्र्यापलीकडं हजार माणसं हसायची
आणि अलीकडं ती, एकटी,
अर्धा श्वास आधी.

सत्ताविसाव्या दिवशी माळ मोकळा.
खड्डे, खिळे, नारळाच्या शेंड्या,
आणि आमच्या कट्ट्यावर गुंडाळून ठेवलेला
अठरा हात पडदा. राजवाड्याचा.
पायऱ्या, कारंजं, सिंहासन, दोन मोर,
त्यातला एक जरा बदकासारखा.
चिठ्ठी कन्नडात. शाळेत शिकलो तेवढ्यावर मी वाचली:
हा ठेवून घ्या, सोडवायला येतो.
कधी, ते लिहिलं नव्हतं.

बाबा म्हणाले, राजवाडा काय चाटायचाय?
आई म्हणाली, बघू की.

मग त्यावर मिरच्या वाळल्या. अकरा वर्षं.
पायऱ्यांवर तांबडं मुरत गेलं,
कारंज्यात बिया साठल्या,
एका दसऱ्याला म्हशीनं सिंहासनाला तोंड लावलं
ते तेवढं गेलं.

परवा गुरुपाद आला. कंपनीतला हास्यपात्र.
कंपनी हारुगेरीच्या पुढं कुठंतरी मोडली म्हणाला,
बसलिंगप्पा गेला,
चंपव्वा लेकीकडं असते जमखंडीला, ऐकू कमी येतं.
आता प्लास्टिकच्या खुर्च्या विकतो, टेम्पोवर, हप्त्यानं.
पडदा सोडवायला नव्हताच आला,
खुर्च्या घेता काय विचारायला आला
आणि अंगणात राजवाडा दिसला.

चपला काढल्या त्यानं.
मिरच्या पायानं सारत दोन मोरांच्या मधे उभा राहिला,
हात वर केला, तोंड उघडलं
आणि शिंकला. मग परत. मग मोजायचं सोडलं आम्ही.
डोळ्यांना धारा, आणि वाक्य हरवलेलं.

चुलीपासून आईनं ते दिलं.
कन्नडात, न वळता, त्याच्याच सुरात.
मग सुनेचं, मग सासूचं,
मधली घंटासुद्धा तोंडानं.
बाजारात वांगी मागायला
मला पुढं ढकलायची ही बाई!

तो हसला.
अर्धा श्वास उशिरा.

खुर्च्या आम्ही घेतल्या नाहीत.
जाताना आईनं दोन भाकरी बांधून दिल्या,
तो खिशाकडं हात नेईपर्यंत ती फळीवरून वही काढून बसली,
तीच वही, कडा उंदरानं कातरलेल्या.
भाकरी दोन, लिहिलं. समोर तो शब्द.
पेन झटकलं, कारण अकरा वर्षांत शाई वाळते,
आणि उठली.
ऊन कलायच्या आत मिरच्यांची
वरची बाजू खाली करायची होती.